शेवटपर्यंत
गल्लीतलं सीडींचं दुकान बंद पडलं आणि तिथे चष्मेवाला आला. महिन्याभराने दुकानदारकाका आमच्या घरी आले. बाबा त्यांचे जुने गिऱ्हाईक. जॅझची तीच सीडी आवाज सुधारून नव्याने निघाली की बाबा पुन्हा घेत. "आवाज उजळलाय म्हणे," आई हसायची.

काका चहा विसरून कपाटातल्या सीडी नीट रचू लागले, ट्रम्पेटवाले वर, सॅक्सोफोनवाले खाली.

"राहू द्या हो," आई म्हणाली.

"हात शिवशिवतात, वहिनी."

"यातली कुठली ऐकायची?" बाबांनी विचारलं.

"कुठलीही. दुकानात कधी शेवटपर्यंत ऐकायलाच मिळालं नाही. मध्येच गिऱ्हाईक यायचं."

बाबांनी सगळ्यात लांबलचक वादन लावलं. काका खुर्चीत टेकले आणि ते संपेपर्यंत उठले नाहीत.