समुद्रापलीकडची मटकी

सुलभाताई आठवल्या की आधी एक आवाज ऐकू येतो: डब्यातून परातीत ओतल्या जाणाऱ्या मटकीचा, पत्र्यावर पडणाऱ्या सरीसारखा, पण कोरडा. आखातातल्या रुवीमधल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये एप्रिलचं पांढरं ऊन पडद्यातून गाळून, एसीने निववून आत घेतलेलं असे. त्यांची करुणाही तशीच, गाळीव आणि बेताच्या तापमानाची.

त्या वर्षी समुद्रापलीकडे सोमालियात यादवी होती आणि तिच्या जोडीला अवर्षण. सूर बंदराचा एक नाखवा आमच्या मराठी मंडळाचं धान्य आपल्या लाकडी लाँचीतून तिकडे न्यायला तयार झाला, कारण त्याची बहीण तिथे मुलांना घेऊन बंदराजवळ उपाशी बसली होती. खेप शेवटची होती. नैर्ऋत्येचे वारे सुटले की समुद्र काही महिने बंद.

मंडळाच्या अध्यक्ष सुलभाताई. त्यांनी घरोघरून मटकी आणि हुलगे जमवले.

"उधर पीने को पानी नहीं, मॅडम," धक्क्यावर नाखवा म्हणाला. "खजूर दो."

"खजूर?" त्या माझ्याकडे वळल्या. "अगं, तो काय, इथे कुणीही देईल. मटकीत प्रोटीन असतं."

"ताई, भिजवणार कशात? थुंकीत?"

"तुझं आपलं काहीतरीच. पाऊस पडेल ना, इन्शाल्ला."

आणि हात असा हलवला, जणू ढगांना वर्दी गेली. प्रत्येक पोत्यात त्यांनी वळणदार इंग्रजीत कृती घातली होती: रात्रभर भरपूर पाण्यात भिजवावे, मग फडक्यात बांधून मोड आणावेत. फोटो निघाले. लाँच मटकीने भरली. मी बाजारातून आणलेल्या खजुराच्या गोण्या नाखव्याने स्वतःच्या अंथरुणाच्या जागी रचल्या. तेवढीच जागा उरली होती.

काही महिन्यांनी वारे पडल्यावर तिकडे पुन्हा एक फेरी करून तो परतला. मी बहिणीचं विचारलं. "खलास," तो म्हणाला आणि दोर गुंडाळत राहिला. थोड्या वेळाने म्हणाला, "बच्चे हैं."

सुलभाताई आता पुण्यात असतात. सोमालियाला आपण कसं जेवू घातलं ते समारंभांतून सांगताना त्यांचा गळा अगदी वेळेवर दाटून येतो. काळ माणसांना पुसत जातो खरा, पण पुसलं जाण्यासाठीही आधी कुठेतरी उमटावं लागतं, आणि नाखव्याच्या त्या बहिणीचं नाव सुलभाताईंनी कधी विचारलंच नव्हतं.