देवाच्या फळीवरचा पाना

मित्रांनो, मी एक जुना पाना आहे. कळमेश्वरच्या एमआयडीसीत कवडू मिस्त्रींनी मला ट्रकच्या स्प्रिंगच्या तुटलेल्या पाट्यातून घडवलं. माझं तोंड चंद्रकोरीसारखं, आणि त्याला दोन दात. लोडर म्हणजे माल उचलणारं यंत्र; त्याचा दांडा ज्या सिलेंडरमधून सरकतो, त्याच्या तोंडाशी दोन भोकांची पोलादी टोपी असते. त्या भोकांत माझे दात बसले, की टोपी फिरते आणि आतलं गळकं सील बदलता येतं. एवढंच माझं काम, पण ते दुसऱ्या पान्याला जमत नाही.

कवडू मिस्त्री कीर्तनवेडे. मला ओढता ओढता ऐकलेलं आख्यान गुणगुणायचे. शिकाऊ रोशनने घाई केली, की म्हणायचे, "पूर्वरंग सोडून बुवा एकदम आख्यानाले हात घालते का गा?"

पुढे त्यांचे डोळे अधू झाले आणि वर्कशॉप रोशनकडे आलं. त्या खंडेनवमीला त्याने आम्हा सगळ्या अवजारांना कुंकू लावलं. दसरा उलटल्यावर बाकीचे कामाला गेले. मला मात्र त्याने झेंडूची माळ घालून देवाच्या फळीवरच ठेवलं. "ही गुरूची निशाणी. याले आता काम नाही सांगायचं."

मी थक्क झालो! हा मान होता की शिक्षा?

दोन वर्षं उदबत्तीच्या धुरात गेली. मग एके दिवशी शोभाताईंचा लोडर आला. नवऱ्यामागे त्या स्वतःच तो चालवत, कळमन्याच्या बाजारातला कचरा उचलत. सिलेंडरमधून तेलाची धार लागली होती. मॉडेल इतकं जुनं, की नवा सिलेंडर कुठेच मिळेना. टोपी फुटली तर लोडर कायमचा उभा.

रोशन पाने शोधत पार जरीपटक्याच्या दुकानांपर्यंत हिंडून आला. एकाही पान्याचे दात भोकांत बसेनात. पाइप-पाना घसरला. मी फळीवरून सगळं पाहत होतो. अरे, वर तर बघ!

त्याने वर पाहिलं. नजर माझ्यावर टेकली. त्याने हात जोडले आणि छिन्नी उचलली.

देवा! मला समोर ठेवून छिन्नी?

ठण्! भोकाची कड फाटली.

"थांब गा!" शोभाताई ओरडल्या. "मशीन माही आहे! कवडूकाका तर दोन दातांच्या पान्यानं उघडत होते. कुठी आहे तो?"

रोशनने मान खाली घातली. "देवापाशी आहे, ताई. त्याले कसा हात लावू?"

शोभाताईंनी कवडूकाकांना घरून आणलं. काका चाचपडत फळीपाशी आले. बोटांना माळ लागली आणि ते जागीच थिजले.

"दोन वर्षं याले बसवून ठेवलं? काहून रे बाबा?"

"तुमची निशाणी म्हणून, काका."

"अरे, मृदंगाले हार घातला आणि वाजवलाच नाही, तर कीर्तन कसं व्हायचं?"

त्यांनी माळ काढून देवाच्या पायाशी ठेवली. "तेल उतरवलं का आधी? आतला दाब?"

"उतरवला."

"म्हणजे पूर्वरंग तरी झाला."

फाटकी कड त्यांनी कानशीने साफ केली, बोटाने माप घेतलं आणि माझे दात हळूच बसवले. माझ्या मनात आलं, कड सुटली तर? दोन वर्षांत दात गंजले असतील तर? जोर वाढावा म्हणून रोशनने माझ्या मुठीवर लांब नळी चढवली. काकांचा हात त्याच्या हातावर होता. "सावकाश... सावकाश..."

टक्!

टोपी फिरली. शोभाताई मटकन पेटीवरच बसल्या आणि पदराने डोळे पुसू लागल्या.

"हा कुठी ठेवू आता, काका?" रोशनने विचारलं.

"जिथं तुहा हात जाईन तिथं."

मित्रांनो, आता मी कामाच्या टेबलामागच्या खिळ्याला लटकतो. खंडेनवमीला कुंकू मला अजूनही लागतं, आणि ते मला आवडतंही. तुमच्या घरीही आजोबांचं एखादं अवजार असेल. त्याला नमस्कार जरूर करा, त्याला तेलपाणी करा. पण मग त्याला हातात घ्या. गेल्या दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच रोशनने माझी माळ उतरवली आणि हसून म्हणाला, "चाल गा, सिलेंडर वाट पाहून राहिला."