आवाजाखालचं आजेंग

येरिम माझा आवाज जाणूनबुजून बुडवतेय, याची मला तिसऱ्या भागापासून खात्री होती.

माझा धंदा निवेदनाचा, चाळीस वर्षांचा. सध्या मांगवॉन वस्तीतल्या एका तळघरातल्या स्टुडिओत जुन्या जोसॉन राजवटीच्या काळातल्या खुनांच्या गोष्टी व्हिडिओंसाठी वाचतो. येरिम त्याखाली पार्श्वसंगीत घालते. आधी ती बासरी घालायची, बोलण्याच्या वाटेत न येणारी. मग एकदम आजेंग. ते तारांचं वाद्य काठीने घासून वाजवतात. सूर खर्जातला, खरखरीत, नेमका माझ्या पट्टीतला. निवेदकाच्या पट्टीतलं वाद्य त्याच्या आवाजाखाली घालायचं नाही, हे या धंद्यात पहिल्या दिवशी शिकवतात, आणि ही पोरगी अकरा वर्षं हेच काम करतेय. म्हणजे चूक नव्हे, डाव. माझ्या जागी कुणाला तरी आणायचं असणार. त्यात हल्ली ती न मागता मला बार्लीचा चहा आणून द्यायला लागली होती. माझा संशय दुप्पट झाला.

"येरिम, गोष्ट सांगणारा मी आहे की ते आजेंग?"

"खुनाची गोष्ट आहे सर. जरा भीती वाटायला नको?"

"वाटतेय ना. माझ्या पोटापाण्याची."

"चहा गार होतोय," ती पडद्यावरची नजर न काढता म्हणाली.

मी सरळ निर्माते नामगुंगसाहेबांना फोन लावला. म्हटलं, एकदा संगीत काढून ऐका, मग कळेल ही काय करतेय ते.

आज दुपारी ते आले. येरिमने माझ्याकडे पाहिलं.

"सर, नक्की काढू?"

"का, घाबरलीस?"

तिने आजेंग शून्यावर आणलं आणि नुसता माझा आवाज लावला.

प्रत्येक वाक्याच्या शेवटी घरघर होती. 'राणी' हा शब्द मधेच फाटला होता. श्वास घेताना बारीक शिट्टी वाजत होती. स्वतःचा आवाज माणूस आतून ऐकतो, आणि आतून माझा अजून तिशीतलाच होता. आजेंग मला बुडवत नव्हतं. माझी खरखर ते आपल्या अंगावर घेत होतं.

"हे काय?" नामगुंगसाहेबांनी विचारलं.

"माइक दमट झालाय," येरिम पटकन म्हणाली. "माझंच दुर्लक्ष."

"मग सरांची तक्रार खरीच आहे की. पुढच्या भागापासून तू नकोस. मी दुसरं कुणी बघतो."

येरिमने मान खाली घातली आणि हेडफोनची वायर गुंडाळायला लागली. मी गप्प बसलो असतो तर निभावून गेलं असतं. पण तो चहा आठवला आणि माझी मलाच लाज वाटली.

"माइक चांगला आहे साहेब," मी म्हणालो. "तिची काही चूक नाही."

खोलीत संगीत नव्हतं. माझी घरघर दोघांनीही नीट ऐकली.