तीन सेंटिमीटर

धाकट्या जावेचा वर्ग दर बुधवारी साडेअकराला सुटायचा आणि पावणेबारा झाले तरी पोरं तिची पाठ सोडायची नाहीत. थोरली आपल्या प्रयोगशाळेच्या खिडकीतून हे बघायची. बघायचं नाही असं दर बुधवारी ठरवून बघायची.

दोघी सख्ख्या जावा, एकाच कॉलेजात. थोरली पदार्थविज्ञानाची विभागप्रमुख, सव्वीस वर्षं नोकरी झालेली. धाकटी तत्त्वज्ञानाची, वर्षावर्षाच्या करारावर. यंदा प्राचार्यांच्या डोक्यात आलं की विज्ञानाच्या मुलांना सूत्रं पाठ असतात, पण विज्ञान कसं करायचं आणि ते करताना प्रामाणिक कसं राहायचं हे कुणी सांगतच नाही. म्हणून पहिल्या वर्षाच्या अर्ध्या मुलांना त्यांनी आठवड्याचा एक जादा तास लावला आणि तो धाकटीला दिला. जिला घरातला बल्ब बदलायला नवरा लागतो, ती आता विज्ञानाच्या पोरांना विज्ञान शिकवणार.

घरीही तेच. "धाकटी किती छान समजावून सांगते, मलासुद्धा कळतं हो," असं सासूबाई जेवताना म्हणाल्या. सव्वीस वर्षांत त्यांनी थोरलीला 'तू तिथे नक्की काय शिकवतेस' एवढंही विचारलं नव्हतं. थोरलीने मान डोलावली आणि पानातलं तसंच ठेवून उठली. तिला हेवा वाटत होता. हेवा हा शब्द तसा सभ्य आहे. खरं तर तिचा नुसता जळफळाट होत होता.

शुक्रवारी बारा वाजता बैठक होती. हा तास पुढच्या वर्षी सगळ्यांना लावायचा की बंद करायचा, ते त्यात ठरणार होतं. बंद झाला तर धाकटीचा करार संपणार, हे सगळ्यांना माहीत होतं. आणि पदार्थविज्ञानाच्या प्रमुखांचं मत सगळ्यात वजनदार, हे थोरलीला पक्कं माहीत होतं.

शिवाय पुरावा आयताच चालून आला होता. लंबकाचा प्रयोग पहिल्या वर्षाचा, सगळ्यात सोपा. दोरीची लांबी मोजायची, झोक्याला लागणारा वेळ मोजायचा आणि त्यावरून गुरुत्वत्वरण काढायचं. उत्तर नऊ पूर्णांक आठ, कुठल्याही पुस्तकात बघा. धाकटीच्या तासाला न बसणाऱ्या मुलांच्या जर्नलांत बरोबर तेच होतं, कुणाचं नऊ-सात-नऊ, कुणाचं नऊ-आठ-एक. आणि धाकटीची लाडकी पोरं? दहा पूर्णांक एक. दहा पूर्णांक दोन. एका मुलीचं तर चक्क दहा पूर्णांक चार. थोरलीने गुरुवारीच टिपण लिहून टाकलं: सदर तासामुळे विद्यार्थ्यांचे प्रत्यक्ष कामाकडे दुर्लक्ष होत आहे. लिहून झाल्यावर कितीतरी दिवसांनी तिला कडकडून भूक लागली.

शुक्रवारी सकाळी ती बैठकीत दाखवायला सगळ्यात वाईट जर्नल निवडत होती. दहा-पूर्णांक-चारवालीचं उघडलं. उत्तराखाली बारीक अक्षरात चार ओळी होत्या, त्या तिने तपासताना वाचल्याच नव्हत्या.

'लांबी जितकी कमी घेतली, तितकं उत्तर जास्त चुकलं. म्हणजे चूक वेळेत नसून लांबीत असावी, आणि दर वेळी तेवढीच असावी. पट्टी तपासली. ती शून्यापासून नाही, तीनपासून सुरू होते.'

थोरलीने खण ओढून एक मीटरपट्टी काढली. मग दुसरी. मग सगळ्याच टेबलावर मांडल्या. सगळ्यांची टोकं सफाईने कापलेली, वर घासून गुळगुळीत केलेली आणि पहिला आकडा तीन.

तेव्हा तिला आठवलं. नऊ वर्षांपूर्वी नवीन कपाटं आली, त्यांचे खण मीटरपेक्षा थोडे आखूड निघाले आणि पट्ट्या मावेनात. कपाटं परत पाठवायची म्हणजे सहा महिने कागद फिरवा. तिने सुताराला सांगितलं, टोकाचे तीन-तीन सेंटिमीटर उडवून टाका. पहिली एक-दोन वर्षं ती प्रयोगाच्या आधी बजावायची, "तीन वजा करा रे." मग केव्हातरी ते सांगायचं राहिलं ते राहिलंच. आठवण होणार तरी कशी? कुणाचं उत्तर चुकतच नव्हतं. नऊ वर्षं ह्याच पट्ट्यांवर पोरं पुस्तकातल्या उत्तरावरून उलटे आकडे जुळवत नऊ-आठ लिहीत होती आणि ती लाल शाईने खाली 'छान' लिहीत होती.

ती स्टुलावर बसली. एवढं होऊनही पहिला राग तिला धाकटीचाच आला. ही आली नसती तर सगळं सुरळीत चाललं होतं.

अजून तासभर होता. ते एक पान फाडलं की संपलं. पट्ट्या जुन्या झाल्या म्हणून नव्या मागवता आल्या असत्या. धाकटीला ह्यातलं काही ठाऊक नव्हतं. थोरलीने ते पान बोटांच्या चिमटीत धरलंसुद्धा. पण नऊ वर्षांत आपल्या वर्गातल्या एकाही पोराने पट्टीकडे बघितलं नव्हतं, हे तिला फार लागलं. तिने पान सोडलं.

बैठकीत धाकटी टेबलाच्या टोकाला हात मांडीत घेऊन बसली होती. थोरलीशी तिने नजर मिळवली नाही. घरातलं वारं तिलाही कळत होतं.

"तुमचं मत सांगा, मॅडम," प्राचार्य म्हणाले.

थोरलीने जर्नलांचे दोन गठ्ठे ठेवले आणि त्यावर पट्टी ठेवली.

"ही पट्टी तीन सेंटिमीटरने आखूड आहे. मीच कापून घेतली आणि मीच विसरले. हिच्यावर मोजून नऊ-आठ येऊच शकत नाही. माझ्या पोरांचं आलंय, सगळ्यांचं. तिच्या पोरांनी जे आलं ते लिहिलं, आणि एकीने का आलं तेही शोधलं."

रसायनशास्त्राचे प्रमुख चष्मा पुसत म्हणाले, "आमच्या ब्युरेटवरच्या मापाच्या खुणाही एकदा बघून घ्याव्यात म्हणतो."

पाच मिनिटांत ठरलं. तास सगळ्यांना, आणि धाकटी कायम. सगळे उठून तिचं अभिनंदन करायला लागले, रसायनवाले तर दोनदा करून गेले. थोरली पट्टी घेऊन बाहेर पडली. सव्वीस वर्षांत केलेली सगळ्यात अवघड गोष्ट, आणि तिचंही श्रेय धाकटीच्याच खात्यात गेलं होतं.

जिन्यात धाकटीने तिला गाठलं. तिचे डोळे ओले होते.

"ताई, पुढच्या वर्षी पहिल्या तासाला हीच गोष्ट सांगू का मुलांना? तुमचं नाव घेणार नाही मी."

थोरलीने पट्टी तिच्या हातात दिली.

"नाव घेऊन सांग," ती म्हणाली. "तुझ्या तासात तेवढं तरी माझं असू दे."