भुतावर पडलेलं ऊन

रामप्रसाद महाराजांच्या पत्र्याच्या शेडपुढे त्या शनिवारी मुंगीला शिरायला जागा नव्हती. केदारखेड्याहून जीपा भरून माणसं आली होती, पिंपळगाव रेणुकाईच्या मोटारसायकली थेट वाडीच्या वेशीपर्यंत लागल्या होत्या. शेडच्या दाराला एक काळा-पांढरा फोटो लटकवला होता. फोटोत समईच्या उजेडात बसलेली द्वारकाबाई, चेहरा पुसट, डोळे भेदरलेले. आणि तिच्या डाव्या खांद्यामागे डोक्यावर पदर घेतलेली, तोंड नसलेली, आरपार दिसणारी एक पांढरी बाई!

"बघून घ्या!" महाराज गरजत होते. "मोबाइलचा फोटू म्या मानतच न्हाई. आजकाल कुणी बी कुणाच्या धडावर कुणाचं बी मुंडकं बसवून राह्यलं. पण रोल? रोल खोटं बोलत न्हाई! हा कॅमेरा माझ्या गुरूंनी मला हिमालयात दिला!"

हिमालयात कॅमेऱ्याचं दुकान कुणी थाटलं होतं, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. मोबाइलवरचे खोटे व्हिडिओ बघून लोक इतके पोळले होते, की जुन्या रोलवर त्यांचा डोळे मिटून भरवसा बसला होता. लग्नातले रोल सगळ्यांना आठवत होते. रोल भरला की भरला, त्यात पुन्हा कुणाला काही घालता येत नाही, अशी अख्ख्या वाडीची पक्की समजूत. महाराजांनी नेमकी हीच समजूत हेरली होती.

द्वारकाबाई शाळेत खिचडी शिजवायची. नवरा वारलेला, पुढेमागे कुणी नाही. सरपंच काकासाहेबांच्या नातवाला महिन्यात दोनदा ताप आला आणि महाराजांना काम मिळालं. आठ दिवसांमागे त्यांनी द्वारकाबाईला धरून आणून शेडात बसवलं, फोटो काढला, आणि आज निकाल दिला.

"हिच्यामागं डाकीण हाय. हिच्या हातचं खाऊन लेकरं झुरणार. दिवस बुडायच्या आत हिला शिवेबाहेर काढा!"

काकासाहेबांनी मान डोलावली. झालं! वीस वर्षं ज्या बाईने गावाची लेकरं जेवू घातली, तिला घालवायला एक मान पुरली.

शाळा सुटल्यावर अक्षता तिथे पोचली, तेव्हा द्वारकाबाई खांबाला टेकून उभी होती. तिच्या शेजारची जागा लोकांनी मोकळी सोडली होती. अक्षता शाळेत विज्ञान शिकवायची.

"बाई, मला घर सोडायला लावून राह्यलेत," द्वारकाबाई म्हणाली. "म्या कुठं जाऊ हो?"

"कुठंच जायचं नाही, मावशी. थांबा जरा."

अक्षताच्या अंगाचा तिळपापड झाला होता, पण तिने आधी फोटो नीट पाहिला. तिचे वडील भिवा यांचा भोकरदनला फोटो स्टुडिओ होता. मोबाइल आले, स्टुडिओ बंद पडला, पण कॅमेरा आणि रोल धुवायचं सामान लेकीने जपून ठेवलं होतं आणि ती अजून हौसेने रोल वापरायची. फोटोत चेहरा नंतर बघायचा, आधी उजेड कुठून आला ते बघायचं, हे भिवांनी तिला लहानपणीच शिकवलं होतं. तिने तेच केलं आणि ती भर गर्दीत खदाखदा हसली.

"महाराज, तुमच्या भुतावर ऊन पडलंय!"

सगळ्यांच्या माना फोटोकडे वळल्या.

"हे बघा. समई उजवीकडे, म्हणून मावशींचा उजवा गाल उजळलाय. आणि मागच्या या भुताच्या डोक्यावर वरून कडक उजेड, लुगड्याच्या चुण्यांखाली काळ्याभोर सावल्या. असं ऊन दुपारी बारालाच पडतं. शेडाला तर तुम्ही चहूकडून गोणपाटं लावलीत. मंग ऊन आलं कुठून?"

"भुतांना त्यांचा वेगळा सूर्य असतो," महाराज म्हणाले.

"हां, बराबर," मागून कुणीतरी म्हणालं. तेवढ्यावर पटणारी माणसं सगळीकडे असतात.

"असू दे. तुम्ही मावशींना हालू नको, श्वास धर म्हणालात ना? कारण तुमचा रोल मंद, शंभर नंबरचा. नंबर जितका कमी, तितका रोलला उजेड जास्त लागतो. समईच्या उजेडात त्याला फोटो घ्यायला दोन-तीन सेकंद लागतात. तेवढ्यात मावशी हालल्या, चेहरा पुसला गेला. भूत मात्र अगदी रेखीव! भुताने श्वास धरला होता का?"

आता लोक हसले. महाराजांचा चेहरा उतरला.

"असं करू," अक्षता म्हणाली. "माझ्याकडं बत्तीसशेचा रोल आहे, सीलबंद. अंधारासाठीच असतो तो. तुमच्या रोलपेक्षा बत्तीसपट कमी उजेडात त्याचं भागतं. डाकीण असेल तर माझ्या रोलला आधी दिसेल. त्याच शेडात, त्याच समईपुढे, तुमच्याच कॅमेऱ्याने तुम्हीच फोटो काढा. धुते मी, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत."

"माझा रोल मंतरलेला असतो."

"मंत्र रोलवर का? मघाशी तर रोल खोटं बोलत नाही म्हणालात! मंग कुठलाही रोल खरंच बोलेल ना?"

"होऊन जाऊ द्या!" गर्दी ओरडली. गर्दीला काय, तमाशा कुठलाही चालतो. पण या खेपेला तिचा उपयोग झाला.

"आणि आधी सांगा," अक्षताने महाराजांना अडवलं, "डाकीण या घडीला मावशींच्या मागं आहे का? नंतर पळून गेली म्हणायचं नाही."

महाराजांनी डोळे मिटले, हवेत वास घेतला. एवढ्या लोकांपुढे नाही म्हणायची सोय नव्हती. "हाय! बिलकुल हाय! डाव्या खांद्यामागं!"

सील काकासाहेबांनी स्वतः फोडलं. रोल भरला, महाराजांनी सहा फोटो काढले. अक्षताने कॅमेऱ्याचे आकडे तेवढे रोलप्रमाणे लावून दिले. श्वास धरायची गरजच पडली नाही. प्रत्येक फोटो डोळ्याची पापणी लवेपर्यंत निघाला.

मग शाळेच्या ओट्यावर दुकान मांडलं. अक्षताने काळ्या पिशवीत दोन्ही हात घालून, न बघता रोल चक्रीवर गुंडाळला आणि डब्यात बंद केला. उन्हाने औषधाचं पाणी तापलं होतं. ते गार करायला गारेगारवाल्याकडून बर्फ आणला. वीस अंशांवर काटा आल्यावर डब्यात औषध ओतलं. चौदा मिनिटं. दर मिनिटाला ती डबा उलटापालटा करायची आणि सगळे आपापल्या घड्याळात बघायचे. इतकं चित्त त्यांनी कीर्तनातही दिलं नसेल. औषधानंतर चित्र पक्कं करणारा हायपो, हायपोनंतर पाणी. तिने ओली पट्टी बाहेर काढली, मोबाइलने तिचा फोटो घेऊन काळ्याचं पांढरं, पांढऱ्याचं काळं केलं आणि पट्टी व मोबाइल दोन्ही काकासाहेबांच्या हातात दिले.

समईच्या उजेडात द्वारकाबाई. दाणेदार, पण स्वच्छ. कपाळावरची आठी दिसत होती, डोळ्यांतलं पाणी दिसत होतं. डाव्या खांद्यामागे गोणपाट होतं, त्याची वीणसुद्धा दिसत होती. दुसरं काही नव्हतं.

"पळाली!" महाराज ओरडले. "शिकलेल्या बाईला भ्याली!"

"महाराज," काकासाहेब हळूच म्हणाले, "तुम्हीच तर हाय म्हणाल्ता."

"आता डाकीण बनवून दाखवते," अक्षता म्हणाली.

तिने शाळेचा काळा फळा अंगणात उन्हात आणला आणि काकासाहेबांचं पांढरं उपरणं त्यावर पदरासारखं टांगलं. दुसरा, चारशेचा रोल स्वतःच्या कॅमेऱ्यात घालताना त्याच्या शेपटीवर, म्हणजे डबीबाहेर राहणाऱ्या टोकावर, पेनाने खूण केली. उपरण्याचे फोटो काढले. मग रोल मागे गुंडाळला, पण पुरता नाही. शेपटी बाहेर ठेवली आणि खुणेला खूण जुळवून तोच रोल पुन्हा कॅमेऱ्यात भरला.

"रोल भरला की संपला असं आपल्याला वाटतं," ती म्हणाली. "तसं नाही. धुवेपर्यंत त्यावर पुन्हा पुन्हा उजेड पाडता येतो. काळ्या फळ्याचा उजेड रोलला लागलाच नाही, म्हणून तेवढी जागा कोरी राहिली. आता त्या जागी माणूस बसवायचा. महाराज, चला शेडात."

"म्या कशाला बसू?"

"बसा की!" द्वारकाबाई कडाडली. "मला तर हाताला धरून बसवलं होतं. जल्दी बसा!"

बसले बिचारे. समईचा उजेड चारशेच्या रोलला कमी पडतो, म्हणून अक्षताने त्याला सोळाशेचा हिशेब लावला, उजेड चौपट कमी दिला आणि धुताना औषधात पाच मिनिटं जास्त ठेवला. पट्टी निघाली. समईपुढे घामाघूम झालेले महाराज, आणि त्यांच्या डाव्या खांद्यामागे पदर घेतलेली, आरपार दिसणारी पांढरी बाई!

काकासाहेबांनी उठून महाराजांची झोळी उलटी केली. चार रोल घरंगळले, चारींच्या शेपटीवर पेनाची खूण. पाठोपाठ एक पांढरं लुगडं पडलं.

"आता ह्यांना कोणत्या शिवेबाहेर काढायचं?" द्वारकाबाईने विचारलं. हसता हसता लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ती हसली नाही.

"शिवेबाहेर नाही, ठाण्यात," अक्षता म्हणाली. "त्यासाठी कायदा आहे, आणि फोन मी केलाय. पण महाराज एकटेच दोषी नाहीत. फोटो दारावर लागला तेव्हा एकानेही विचारलं नाही, की हा उजेड कुठून आला. त्यासाठी विज्ञानाची मास्तरीण लागत नाही, डोळे लागतात. रोल खोटं बोलत नाही, खरं आहे. पण तो भरणारा माणूस बोलतो. मोबाइल असो, रोल असो, मंत्र असो, आधी विचारा: कुणी केलं, कसं केलं, माझ्यापुढे पुन्हा करून दाखवता का? एवढं विचारलं असतं तर या माउलीला आज रडावं लागलं नसतं."

काकासाहेब द्वारकाबाईजवळ गेले, आवाज खाली घेऊन म्हणाले, "संध्याकाळी घरी येतो. बोलू."

"घरी कशाला?" ती म्हणाली. "डाकीण मला चारचौघांत ठरवलंत. माफी बी चारचौघांतच मागा."

काकासाहेबांनी इकडेतिकडे पाहिलं. कुणीच त्यांच्या मदतीला आलं नाही. त्यांनी टोपी काढली आणि सगळ्यांसमोर हात जोडले.

"चुकलो, द्वारकाबाई."

"चुकलातच," ती म्हणाली. "सोमवारी खिचडी म्याच शिजवणार. ज्याला भ्या वाटतं त्यानं खुशाल आपलं लेकरू घरी ठेवावं. आणि पुन्यांदा ताप आला तर त्याला दवाखान्यात न्या, माझ्या दारात येऊ नका."