नमुन्याला नख लावायचं नाही

प्रयोगशाळेत डोकी तशी नऊ-दहा होती, पण चहा न पिता आणि रजा न मागता काम करणारं एकच. पांढऱ्या प्लास्टिकचं, पोकळ, आडवं झोपवलेलं. त्यात साखर, मीठ, पाणी आणि आणखी दोन-चार गोष्टी कालवून केलेलं दाटसर द्रावण भरलेलं असायचं. त्याला सगळे ‘मामा’ म्हणत. शेजारी तेच द्रावण भरलेली एक पसरट टाकी होती, ती मामांचं पोट. खालून फोन धरायचा, त्याला पूर्ण ताकदीनं लहरी सोडायला लावायच्या, आणि वरून यंत्राचा हात एक बारीक सुई द्रावणात बुडवून तसूतसूनं सरकत मोजत बसायचा, की या फोनची किती ताकद माणसाच्या अंगात जिरेल. मर्यादा एक पूर्णांक सहा. आकडा त्याच्या खाली आला तर फोन दुकानात, वर गेला तर आल्या वाटेनं परत.

हे काम जी करायची तिला लोक तोंडावर ‘मॅडम’ म्हणत आणि पाठीमागे ‘मोजणीबाई’. तिला दोन्ही ठाऊक होतं आणि दुसरंच जास्त आवडायचं. रोज सकाळी आल्या आल्या ती मामांचं तापमान बघायची. अर्धा अंश इकडेतिकडे झाला तरी यंत्राला हात लावू द्यायची नाही. मग सगळ्यांनी बसायचं हात चोळत. कुणी कुरकुरलं तर म्हणायची, “मामांना ताप आहे. तुम्हाला ताप असताना तुम्ही येता का कामाला?”

एकोणीस वर्षांत तिच्या सहीचा एकही रिपोर्ट मागे घ्यावा लागला नव्हता. ही गोष्ट ती कुणाला सांगायची नाही, पण पाहुणा आला की साहेब हमखास सांगायचे, आणि तेव्हा ती मुद्दाम कपाटात काहीतरी शोधत तिथंच घुटमळायची. खोटं कशाला बोला, अभिमान होता तिला. एवढ्या मोठ्या जगात तिचं म्हणून जे काही होतं, ते त्या सहीतच होतं.

मामांच्या वर भिंतीवर एक कागद होता, तिच्याच अक्षरातला, प्लास्टिकमध्ये घालून चिकटवलेला: ‘नमुना जसा आला तसाच तपासायचा. नमुन्याला नख लावायचं नाही.’ त्यामागे इतिहास होता. सहा वर्षांपूर्वी शेजारच्या खोलीतल्या दाढीवाल्यानं एका फोनवरचा स्टिकर काढून टाकला. हा दाढीवाला फोनच्या लहरींमुळे दुसऱ्या यंत्रांत खरखर होते का ते तपासायचा. माणूस कामाचा, पण हाताला चैन नाही. स्टिकर बघितला की त्याची बोटं शिवशिवायची. तो स्टिकर म्हणजे आतल्या अँटेनाचाच भाग निघाला. फोनवाल्यांनी असा काही गोंधळ घातला, की साहेबांना महिनाभर माफीची पत्रं लिहावी लागली. त्या आठवड्यात बाईनं तो नियम लिहिला. नियम चांगलाच होता. वाईट नियमानं माणूस इतका फसत नाही.

घरी ती आणि बाबा, दोघंच. बाबा निवृत्त लाइनमन. उभी हयात खांबांवर चढून टेलिफोनच्या तारा जोडण्यात गेलेली, त्यामुळे बिनतारी फोनबद्दल त्यांचं मत फारसं बरं नव्हतं. पण थोरली लेक सातासमुद्रापलीकडे, आणि तिचा आवाज ऐकल्याशिवाय रविवार सरत नाही, म्हणून फोन ठेवणं भाग होतं. जुना फोन पडून फुटला तेव्हा ते धाकटीला म्हणाले, “तुमच्याकडे पास झालेला एखादा सांग.”

“बाबा, आम्ही फोन तपासतो, शिफारस करत नाही.”

“मोठ्या आल्या!” असं म्हणून ते स्वतःच गेले आणि एक चपटा, करडा फोन घेऊन आले. बाईनं डबा बघितला आणि हसली. चार महिन्यांपूर्वी तिनंच पास केलेला होता. आकडाही आठवला तिला, शून्य पूर्णांक बासष्ट. उत्तम फोन.

बाबांनी त्याच्यावरची कारखान्याची फिल्म काही काढली नाही. वर काळपट पट्टी, खाली फोनचं चित्र छापलेलं. त्यांचं म्हणणं, फिल्म असली की वस्तू नवी राहते. टीव्हीच्या रिमोटवर त्यांनी तशीच अकरा वर्षं ठेवली होती. फोन स्पीकरवर टाकून ते स्वयंपाकघरातल्या टेबलावर बरणीला टेकवून ठेवायचे आणि समोर बसून सभेत बोलावं तसं बोलायचे.

पण थोरलीला काही ऐकू जायचं नाही. “बाबा, तुटतंय. बाबा, गॅलरीत जा!” दर रविवारी हेच. बाबा गॅलरीत जाऊन बेंबीच्या देठापासून ओरडायचे, आणि त्यांच्या गुडघ्यांची हकीकत समोरच्या तिन्ही इमारतींना पाठ झाली होती.

एका रविवारी बाई वैतागली. “आधी ती फिल्म काढा बरं. घाण साचलीय नुसती.” आणि बाबा नाही नाही म्हणत असताना तिनं कोपऱ्यात नख घातलं आणि फिल्म सर्रकन ओढून काढली.

“अगंबाई!” पलीकडून थोरली म्हणाली. “बाबा, काय केलंत? किती स्वच्छ येतंय! शेजारी बसल्यासारखे बोलताय!”

बाबांचा चेहरा उजळला. गुडघ्यांपासून सुरुवात करून ते थेट भाच्याच्या लग्नावर गेले. बाई मात्र हातात फिल्म धरून उभीच राहिली. मग तिनं ती पुन्हा फोनवर बसवली, ती काळपट पट्टी बरोबर वरच्या कडेला येईल अशी.

“बाबा? बाबा, तुटतंय.”

काढली. “हां, आलं.” बसवली. “बाबा?” काढली.

“काय लाव-काढ चाललीय तुझी?” बाबा खेकसले. “बोलू दे की मला!”

बाईच्या लक्षात आलं. फोनच्या वरच्या कडेला एक बारीकसा डोळा असतो. जवळ माणूस आहे असं त्याला दिसलं की फोन आपली ताकद उतरवतो, म्हणजे अंगात कमी जिरावी. माणूस दूर गेला की पुन्हा चढवतो. या फिल्मची काळी पट्टी नेमकी त्या डोळ्यावर होती. फोनला वाटायचं, कुणीतरी सदानकदा चिकटून बसलंय, म्हणून तो जन्मभर दबक्या आवाजात बोलणार. आणि कारखान्यातून तपासणीला आलेल्या नमुन्यावर हीच फिल्म होती. तिनं नियमाप्रमाणे नख लावलं नव्हतं.

बासष्ट! एवढा कमी आकडा बघून तिला तेव्हाच शंका यायला हवी होती. ती मात्र खूश झाली होती. आता तिला लाज वाटली, अगदी कानाच्या पाळ्या गरम होईपर्यंत.

सोमवारी तिनं साहेबांना सगळं सांगितलं. साहेब वाईट माणूस नव्हते. फक्त कुठलीही गोष्ट बिघडायच्या आधी ती बिघडलेली नाही असं धरून चालायची त्यांना सवय होती. “आधी मोजा तर,” ते म्हणाले. “उगाच आपणच आपल्या नावानं का ओरडायचं?”

नमुना कुलुपातल्या कपाटात होता. बाईनं मामांचं तापमान बघितलं, चिमट्यानं फिल्म काढून पाकिटात घातली, फोन पोटाखाली खिशाइतक्या अंतरावर, म्हणजे डोळ्याला माणूस दिसेनासा होतो नेमका तिथं, बसवला आणि यंत्र सुरू केलं. यंत्राचा हात आपला निवांत सरकत होता. त्याला काय पडलंय! दाढीवाला दारात येऊन उभा राहिला, पण आज त्यानं एकही विनोद केला नाही. तासाभरानं आकडा आला. एक पूर्णांक चौऱ्याहत्तर.

तिनं द्रावण ढवळून पुन्हा मोजलं. एक पूर्णांक त्र्याहत्तर.

साहेबांनी दार लावून घेतलं. “हे बघा, एकतिसाव्या पानावर फोटो आहे. फोटोत फिल्म दिसतेय, चमकतेय चक्क. म्हणजे आपण काही लपवलेलं नाही. जे आलं ते तपासलं, जे तपासलं ते छापलं. नियम तुमचाच.”

“हो, माझाच.”

“चूक झाली ती नमुना पाठवणाऱ्यांची. त्यांना कळवू, ते काय करायचं ते करतील. आपला रिपोर्ट आपल्या जागी बरोबर आहे.”

“फिल्मसकट बरोबर आहे, साहेब. दुकानातून घेतल्यावर फिल्म कोण ठेवतं? माझे बाबा. बाकी जगानं ती काढलीय.”

साहेबांनी टेबलावरची टाचणी बोटांत फिरवली. “रिपोर्ट मागे घेतला तर तुमचा सहीचा अधिकार जाईल. चौकशी होईपर्यंत म्हणतात, पण चौकशी कधी संपलेली मी तरी बघितली नाही. एकोणीस वर्षं, मॅडम. आणि आकडा आठ-नऊ टक्क्यांनी वर गेलाय म्हणून उद्या कुणी मरून पडणार नाहीये.”

“नाही पडणार,” ती म्हणाली. तिलाही ते माहीत होतं. मर्यादा मुळातच भरपूर हात राखून ठेवलेली असते. तिनं मनाशी हिशेब करून बघितला, की गप्प बसलं तर काय बिघडेल, आणि खरंच फारसं काही बिघडत नव्हतं. तिला फार वाटलं की गप्प बसावं. मग ती म्हणाली, “पण मी खाली लिहिलंय की आकडा बासष्ट आहे. आणि तो नाहीये.”

पत्र तिनं स्वतः लिहिलं. कारणाच्या रकान्यात साहेबांनी पेन्सिलीनं ‘सदोष नमुना’ असं सुचवलं होतं. तिनं ते खोडरबरानं पुसलं आणि लिहिलं: ‘तपासनिसाची चूक. डोळ्यावरील फिल्म काढली नाही.’ खाली सही केली. तिथली तिची ती शेवटची.

भिंतीवरचा नियमही बदलला. ‘नमुना ग्राहक वापरेल तसा तपासायचा. फिल्म काढायची, काढण्याआधी फोनवाल्यांना विचारायचं.’ अक्षर तिचंच, पण नियमाखाली सही लागते, ती आता दाढीवाल्याची. तो पेन घेऊन आला आणि कागदावर झुकून उगाच जागा शोधत राहिला. “इथंच ना?” त्यानं विचारलं. सहा वर्षांपूर्वी याच माणसाला तिनं सगळ्यांसमोर फाडून खाल्लं होतं.

“इथंच. आणि सरळ कर, वाकडी नको,” ती म्हणाली. त्यानंतर ती मामांचं तापमान बघायला गेली. तापमान बघायला सहीचा अधिकार लागत नाही.

साहेबांकडे पाहुणे यायचे तेव्हा ते आता यंत्राची माहिती सांगायचे. बाईनं कपाटापाशी घुटमळणं सोडलं. घरी तिनं काहीच सांगितलं नाही. बाबांना ती एवढंच म्हणाली, की फोन खिशात ठेवू नका, टेबलावरच ठेवा. आणि नाहीतरी बाबा तो टेबलावरच ठेवायचे. कितीतरी रविवार छान गेले. थोरली शेजारी बसल्यासारखी बोलायची, बाबा चहा घेत घेत बोलायचे. गॅलरीत कुणी गेलं नाही.

मग फोनवाल्यांनी दुरुस्ती पाठवली. दुकानातल्या आणि लोकांच्या हातातल्या सगळ्या फोनांत ती आपोआप उतरली, बाबांच्याही. फोनची ताकद कायमचीच खाली आणली होती, डोळ्याला काही दिसो ना दिसो. बाईनं कामावर तो नमुना पुन्हा मोजला, आकडा एक पूर्णांक एकवीस आला, दाढीवाल्यानं सही केली.

त्या रविवारी थोरली म्हणाली, “बाबा, तुटतंय.”

बाबांनी फोन उलटासुलटा केला. काच शर्टानं पुसली. नसलेली फिल्म शोधली. “बाबा, काहीच कळत नाहीये. गॅलरीत जा!”

बाबा उठले. गुडघे धरत, चडफडत. “चांगला चालला होता. कालपर्यंत ठणठणीत होता! कुणी मेल्यानं हात घातलाय यात, मला विचार. खांबावर चढलोय मी, मला कळतं. आपोआप नाही बिघडत काही. कुणीतरी बसून मुद्दाम ताकद कमी केलीय!”

बाई ओट्यापाशी कप विसळत होती. तिनं नळ बंद केला. “मी केली, बाबा.”

“काय?”

“मी. तो फोन मी चुकीचा पास केला होता. मग चूक सांगितली, म्हणून त्यांना कमी करावी लागली.” आणि मग, सांगायचं नव्हतं तेही ती बोलून गेली. “माझी सही काढून घेतली त्यांनी.”

बाबा गॅलरीच्या दाराशी थांबले. हातातल्या फोनमधून थोरली ‘बाबा? बाबा?’ करत होती. त्यांनी धाकटीकडे बघितलं. तिला वाटलं, आता विचारतील की का, किती, कुणी सांगितलं होतं नाक खुपसायला. सगळी उत्तरं तिनं तयार ठेवली होती, आकड्यांसकट.

पण बाबा वळले. गॅलरीचं दार उघडून ते बाहेर गेले, कठड्याला टेकले आणि तिन्ही इमारतींना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “अगं, फोन बिघडला नाहीये! धाकटीनं ताकद कमी केलीय! तिनं केलीय म्हणजे ती जास्तच असणार! आता तूच जरा मोठ्यानं बोल!”