मऊ की कडक

फोन वाजला तेव्हा तो गाडीच्या पुढच्या भागाखाली उताणा पडून जुन्या स्प्रिंगचा नट सोडवत होता. हात कोपरापर्यंत ग्रीसने माखलेले. त्याने फोन वाजू दिला. थांबून तो पुन्हा वाजला, तेव्हा दोन बोटांनी उचलून नुसतं "बोला" म्हणाला.

पलीकडे साडू होता. एरवी साडू एखादा टोमणा मारल्याशिवाय मुद्द्यावर येत नसे. त्या दिवशी त्याने टोमणा मारला नाही.

"घरी एकटेच आहात का?"

"गाडीखाली आहे. का हो?"

"आधी बाहेर या."

तो बाहेर आला. बायको आदल्या दिवशी बहिणीकडे गेली होती. सकाळी आंघोळ करून आली, केस पुसत खुर्चीत बसली, ती उठलीच नाही, असं साडूने सांगितलं. डॉक्टर येऊन गेले होते. तो "बरं" म्हणाला. जरा वेळाने पुन्हा "बरं" म्हणाला. मग हातातला पाना पुसून पेटीत जागच्या जागी ठेवला आणि पेटीचं झाकण लावलं.

बहिणीकडे ती बसने गेली होती. गाडीची पुढची चाकं निघालेली होती म्हणून. "तुमचं चालू द्या, मी बसनेच बरी," असं म्हणाली होती.

गाडी जुनी, बुटकी, दोनच सीटची. कोणाच्या तरी कोंबड्यांच्या शेडमधून त्याने ती ओढून आणली होती आणि एकेक भाग उघडून उभी केली होती. बायको तिला सवत म्हणायची.

"सवत तरी जरा गुबगुबीत आणायची. हा खलबत्ता आहे, आणि आत मी."

खड्डा आला की ती "कुटा, कुटा" म्हणायची आणि तो हसायचा. पुढे तिची कंबर धरायला लागली, तेव्हा त्याने शब्द दिला. पुढचा भाग उघडतोच आहे, तर तिथे मऊ स्प्रिंगा टाकू, नवे शॉकअप, रबरी बुश. मग मुलीकडे दोघं गाडीनेच जाऊ. एवढा लांबचा पल्ला या गाडीने त्यांनी कधी केला नव्हता.

"बघू," ती म्हणाली होती.

ती गेल्यावर कित्येक महिने गाडी नाक वर करून स्टँडवर उभी राहिली. त्याने तिच्यावर चादर टाकली होती. शेवटी नेहमीचा गॅरेजवाला मिस्त्री आपणहून आला. त्याने चादर उचलून आत डोकावून पाहिलं आणि जिभेने चक् असा आवाज केला.

"गंजून जाईल, साहेब. स्प्रिंगांचं काहीतरी ठरवा. मऊ की कडक?"

"मऊ. ते ठरलेलंच आहे."

मिस्त्रीने मान खाजवली.

"राग मानू नका. वहिनी असत्या तर मीच मऊ म्हटलं असतं. आता तुम्ही एकटेच चालवणार. मऊ टाकल्या तर वळणावर नाक लोळणार आणि तुम्ही मला शिव्या घालणार. कडक घ्या. बुशसुद्धा कडक घ्या."

"मी तिला शब्द दिलाय."

यावर मिस्त्री चाकाच्या पोकळीत हात घालून उगाच चाचपत राहिला.

"असं करू," तो म्हणाला. "जुन्याच स्प्रिंगा घालतो आणि एक चक्कर मारू. मी चालवतो, तुम्ही शेजारी बसा. चालवणाऱ्याला स्टिअरिंग कळतं. दणका कळतो शेजारच्याला."

गाडी आणल्यापासून तो कधी डाव्या सीटवर बसला नव्हता. दुसऱ्याच्या हातात किल्ली दिलीच नव्हती. आत शिरताना त्याचं डोकं चौकटीला आपटलं. सीट पुढे ओढलेली होती, तिच्या मापाची. मागे सरकवायला त्याने हात खाली नेला, पण तसाच वर घेतला आणि गुडघे दुमडून बसला.

"तुम्ही चालवता तशीच चालवतो बरं का," मिस्त्री खुशीत म्हणाला. "इतकी वर्षं बघतोय. वळण आलं तरी तुमचा पाय काही उचलत नाही."

खड्डे त्याला वाटले होते तेवढे लागले नाहीत. तसं तो मिस्त्रीला सांगणारही होता. तेवढ्यात कालव्याच्या कडेचं वळण आलं. या बाजूने रस्ता दिसतच नव्हता. दिसत होता तो दगडी कठडा, दाराला लागून, अंगावर येणारा. त्याचा उजवा पाय आपोआप खाली दाबला गेला.

"तिथे ब्रेक नाही, साहेब!" मिस्त्री हसला.

त्याने खाली पाहिलं. पाय टेकला होता तिथलं कार्पेट झिजून गेलं होतं. टाचेपाशी धागे उरले होते आणि पुढे चवड्याखाली उघडा पत्रा होता, घासून घासून चकचकीत झालेला. बाकीचं कार्पेट नव्यासारखं होतं. त्याने पाय उचलून बाजूला घेतला. पुढच्या वळणावर तो पुन्हा तिथेच गेला.

"हळू घे," तो म्हणाला.

"अं?"

"हळू घे म्हटलं ना!"

मिस्त्रीने त्याच्याकडे पाहिलं आणि वेग उतरवला. घरी पोचून गाडी आत घेतल्यावर मिस्त्रीने विचारलं, "मग? मऊ की कडक?"

"सांगतो तुला."

"तिथे पायाखाली नवीन कार्पेट टाकू का?"

"नको."

संध्याकाळी मुलीचा फोन आला. जेवलात का, गोळी घेतलीत का, हे रोजचं झालं. ती ठेवणार, तेवढ्यात त्याने विचारलं, "आईला गाडीत भीती वाटायची का गं?"

तिकडे नळ चालू होता. तो बंद झाला.

"आज एकदम हे कुठून काढलंत?"

"सहज. तुला कधी काही म्हणाली होती?"

नळ पुन्हा सुरू होऊन बंद झाला.

"बाबा," मग ती म्हणाली, "त्या स्प्रिंगांचं काय ठरलं शेवटी? आईला मऊ हव्या होत्या ना?"

"हो," तो म्हणाला. "असं मी धरून चाललो होतो."

दुसऱ्या दिवशी त्याने गाडी पुन्हा स्टँडवर चढवली, चाकं काढली आणि जुन्या स्प्रिंगा उतरवून भिंतीशी ठेवल्या. मिस्त्री दोनदा येऊन विचारून गेला. नव्या अजून मागवायच्या आहेत.